कारखान्यातून आलेला टायर नक्की कोणासाठी असतो?

आजचा भाग तुमच्याच प्रश्नांमुळे सुचला. न्यू जर्सी आणि बे एरियातल्या काही जणांनी साधारण एकच गोष्ट विचारली होती. स्पोर्ट्स सेडान घेतली, इंजिन भारी, ब्रेक भारी, पण वळणावर जरा जोर दिला की टायर किंचाळतात आणि गाडी बाहेर सरकते. शोरूमवाला म्हणतो, टायर तर कोरे आहेत. मित्र म्हणतात, ते ऑल-सीझन आधी काढून टाक. कोणाचं ऐकायचं?

माझ्या मते दोघंही खरं बोलतायत. टायर कोरे आहेत आणि चांगलेही आहेत. फक्त ते बनवताना समोर गिऱ्हाईक म्हणून तुम्ही नव्हता. हे असं का झालं, त्याची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. पण आधी एका गाडीकडे बघू, म्हणजे प्रकरण नीट डोळ्यांसमोर येईल.

२००१ साल. सुबारूने इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स पहिल्यांदा अमेरिकेत विकायला आणली. तोवर तिथल्या पोरांनी ही गाडी चालवली होती ती प्लेस्टेशनवर, ग्रॅन टुरिस्मोमध्ये. निळा रंग, सोनेरी चाकं, कॉलिन मॅक्रेने याच गाडीच्या रॅली अवतारात १९९५ ची जागतिक रॅली स्पर्धा जिंकलेली. आणि आता तीच गाडी, म्हणजे निदान तिची सख्खी बहीण, साधारण २४ हजार डॉलरमध्ये. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २२७ एचपी, चारही चाकांना ताकद. चार दरवाजे असल्यामुळे घरच्यांनाही समजावता येते!

या गाडीला कारखान्यातून कोणता टायर होता? ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-९२, माप २०५/५५ आर१६. ऑल-सीझन.

आता दुसरी गाडी बघा. होंडा इनसाइट, पहिली पिढी, २००० चं मॉडेल. अमेरिकेत विकली गेलेली पहिली हायब्रिड. दोनच सीटा, ॲल्युमिनियमचा सांगाडा, मागची चाकं अर्धी झाकलेली, म्हणजे वारा कमी अडावा. हायवेवर सरकारी आकडा होता ७० मैल प्रति गॅलन, म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला जवळजवळ ३० किलोमीटर. त्या गाडीचा एकमेव धर्म म्हणजे पेट्रोल वाचवणं. तिचा टायर? ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-९२.

माप वेगळं होतं, १६५/६५ आर१४. आणि एकाच नावाखाली गाडीगणिक टायरची घडण बदलते, हेही सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी मला पकडेल. तरी पण, एक गाडी रॅलीच्या नावावर विकली जाते, दुसरी मायलेजच्या, आणि दोघींच्या पायात एकाच घराण्याचे बूट. इनसाइटचे मालक टायर झिजले की परत आरई-९२ च शोधायचे, कारण दुसरा टायर घातला की मायलेज पडायचं. डब्ल्यूआरएक्सवाल्यांनी मात्र त्या टायरला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. पावसात घसरतो, वळणावर सोडून देतो, बर्फातही काही खास नाही. दोन्ही मालकमंडळींचा अनुभव खरा होता.

आता मागे जाऊ.

हवेच्या टायरचं पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण तेव्हा ते कोणाला परवडेना. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकीसाठी तोच शोध पुन्हा लावला आणि या वेळी तो चालला. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. आपल्याला हवं आहे ते पुढचं पान: टायर गाडीबरोबर कधीपासून यायला लागला?

१९०६ मध्ये हेन्री फोर्डने हार्वी फायरस्टोनकडे टायरचे दोन हजार सेट मागवले. दोघं मित्र झाले, बरोबर कॅम्पिंगला जायचे. पुढे १९४७ मध्ये तर सोयरीकच झाली, फोर्डचा नातू आणि फायरस्टोनची नात. आपल्याकडच्या साखरपट्ट्यातल्या घराण्यांसारखंच की! पण धंद्याच्या बाजूने बघा काय झालं. टायर कंपनीचं मोठं गिऱ्हाईक आता गाडी कंपनी झाली. ती एकदम लाखाने माल उचलते, पैशाला घासाघीस करते, आणि टायर कसा हवा ते कागदावर लिहून देते. जनरल मोटर्सने तर या कागदाला नाव दिलं, टीपीसी, आणि तो कोड टायरच्या बाजूवर छापलेला असतो. आमच्या भाषेत याला रिक्वायरमेंट डॉक्युमेंट म्हणतात. आणि ज्याने कधी सॉफ्टवेअर बनवलंय त्याला माहीत आहे की त्या डॉक्युमेंटवर सही करणारा माणूस आणि शेवटी ते ॲप वापरणारा माणूस हे दोघं क्वचितच एक असतात.

हे किती खोल जातं, त्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे रेडियल. मिशलँने १९४६ मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये 'एक्स' नावाने टायर बाजारात आणला. जुन्या टायरमध्ये आतले धाग्यांचे थर तिरके, एकमेकांवर आडवे-उभे असत. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आणि वरून पोलादी पट्टा. टायर थंड राहतो, रस्त्याला सपाट टेकतो, कितीतरी जास्त टिकतो. त्या वेळी सिट्रोएन ही गाडी कंपनी मिशलँच्याच ताब्यात होती, त्यामुळे फ्रान्समध्ये हा टायर लगेच गाड्यांना लागला. टायरवाला आणि गाडीवाला एकच, मग अडवणार कोण?

अमेरिकेत अडवणारे होते. डेट्रॉइटच्या गाड्या मऊ, गादीसारख्या. त्यांचे सस्पेन्शन जुन्या टायरच्या हिशोबाने बसवलेले. रेडियल लावायचा तर सगळं परत बसवावं लागणार. शिवाय टायर दुप्पट टिकला तर टायरवाल्यांचा अर्धा धंदा बसला. म्हणून गुडइयरने १९६७ मध्ये मधला मार्ग काढला: तिरकेच धागे, वरून पट्टा. म्हणजे आमच्यातले लोक जुन्या कोडवर पॅच मारतात तसं. शेवटी १९७० च्या लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क थ्रीला मिशलँ रेडियल लागले आणि अमेरिकन गाडीला पहिल्यांदा कारखान्यातून रेडियल मिळाला. शोध लागून २० वर्षांहून जास्त काळ झाला होता. तंत्रज्ञान बाजारात होतं, लोक दुकानातून विकतही घेत होते, पण गाडीबरोबर येत नव्हतं.

मग १९७३ चं तेल संकट. १९७५ मध्ये अमेरिकेने कायदा केला की गाडी कंपन्यांचं सरासरी मायलेज वाढलं पाहिजे. १९७८ च्या मॉडेलपासून सुरुवात, १९८५ पर्यंत २७.५ मैल प्रति गॅलन. नवीन इंजिन बनवायला वर्षं आणि भरपूर पैसा लागतो. कमी ऊर्जा खाणारा टायर मागवायला फक्त तो कागद बदलावा लागतो. टायरच्या कागदावर एक नवीन ओळ आली, आणि ती आजपर्यंत गेलेली नाही.

आणि याच काळात, १९७७ मध्ये, गुडइयरचा टिएम्पो आला. ऑल-सीझन हा शब्द ज्यामुळे घरोघरी पोचला तो टायर.

इथे मला ऑल-सीझनच्या बाजूने बोलायचंय, कारण त्याला नावं ठेवायची फॅशन आहे. शिकागो किंवा बफेलोमध्ये तोपर्यंत दर वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्फाचे टायर चढवायचे, एप्रिलमध्ये उतरवायचे. दोन वेळा गॅरेजवाल्याला पैसे, आणि उरलेले टायर ठेवायचे कुठे हा प्रश्न. टिएम्पोने सांगितलं, एकच टायर बाराही महिने. साध्या माणसाला ही केवढी मोठी सुटका होती! पण त्याहून मोठी सुटका गाडी कंपनीची झाली. मिनेसोटाला जाणारी गाडी आणि मायामीला जाणारी गाडी, दोघींना एकच टायर. गोदामात एकच माल. आणि पहिल्या बर्फात गिऱ्हाईक घसरला तर 'आम्ही बर्फाचा टायर दिला होता' म्हणायला जागा. टायरच्या बाजूवर एम प्लस एस ही अक्षरं असतात ना, चिखल आणि बर्फ, ती मिळण्यासाठी तेव्हा बर्फात कुठलीही परीक्षा द्यावी लागत नसे. खाचांची रचना आणि त्यांच्यात मोकळी जागा किती, यावर ती मिळत. खरी परीक्षा असलेलं डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह १९९९ मध्ये आलं.

युरोपने हा रस्ता धरला नाही. जर्मन लोकांचा ठोकताळा आहे 'ओ ते ओ', म्हणजे ऑक्टोबरपासून ऑस्टर्न, त्यांचा ईस्टर, तोवर हिवाळी टायर. बाकी वर्ष उन्हाळी. त्यामुळे तीच जर्मन सेडान म्युनिकमध्ये उन्हाळी टायरवर विकली जायची आणि न्यू जर्सीत ऑल-सीझनवर. बीएमडब्ल्यू अमेरिकेत स्पोर्ट पॅकेज घेणाऱ्यालाच बऱ्याचदा उन्हाळी टायर द्यायची. म्हणजे ज्या गाडीची तारीफ तुम्ही जर्मन रिव्ह्यूमध्ये वाचली, ती तुम्ही विकत घेतलीच नव्हती.

आता थोडं रबराचं विज्ञान, कारण 'चांगला टायर म्हणजे मऊ टायर' एवढ्यावर थांबलो तर मजा नाही. डब्ल्यूआरएक्सच्या त्या टायरचा घेर साधारण दोन मीटर. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला १४ वेळा फिरतो. म्हणजे प्रत्येक तुकडा सेकंदाला १४ वेळा रस्त्यावर दबतो आणि सुटतो. दबताना रबर जी ऊर्जा घेतं ती सगळी परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून जाते. ती तुमच्या पेट्रोलमधून गेली. मायलेजवाल्याला वाटतं, रबर अगदी चेंडूसारखं असावं, दिलेलं सगळं परत करणारं.

पण पकड येते कुठून? डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर रबर घसरताना ते त्या खड्ड्यांत शिरतं आणि सेकंदाला हजारो वेळा, त्याहूनही जास्त वेळा दबतं. तिथे मात्र ऊर्जा गिळणारं रबरच हवं. ते जितकं गिळेल तितकं धरेल. म्हणजे एकाच रबराकडून दोन उलट मागण्या. एक सेकंदाला १४ च्या वेगाला, दुसरी सेकंदाला हजारोंच्या वेगाला.

१९९२ मध्ये मिशलँने काजळीच्या जागी सिलिका घालून 'हरित टायर' काढला, त्याचं महत्त्व हेच. सिलिकाने या दोन मागण्या एकमेकींपासून बऱ्याच सुट्या केल्या. मंद दाबाला कमी गिळणं, जलद घर्षणाला जास्त गिळणं. आज चांगला उन्हाळी टायर ओल्या रस्त्यावर धरतो त्यात या शोधाचा मोठा हात आहे. पण 'बऱ्याच' म्हणजे 'पूर्ण' नाही. त्यात तिसरी मागणी घाला की हे रबर शून्याखालीही लवचिक राहिलं पाहिजे, आणि चौथी की ६०-७० हजार किलोमीटर टिकलं पाहिजे, आणि पाचवी की केबिनमध्ये आवाज नको. एवढं सगळं मागितल्यावर बिचाऱ्या पकडीला उरलेलं मिळतं.

आणि ही तडजोड दुकानातल्या माणसाला दिसतही नाही. अमेरिकेत टायरवर सरकारी श्रेणी छापलेली असते, १९७० च्या दशकाच्या शेवटी ती सुरू झाली. झीज, ट्रॅक्शन, तापमान. त्यातलं ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरची पकड. वळणाबद्दल ती श्रेणी एक अक्षर बोलत नाही.

गाडी कंपनी आणि टायर कंपनीच्या या जोडीत चूक झाली तर जबाबदार कोण, हाही प्रश्न अमेरिकेत एकदा फार वाईट पद्धतीने विचारला गेला. २००० मध्ये फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोन टायर फाटून गाड्या उलटल्या. ऑगस्टमध्ये ६५ लाख टायर परत बोलावले. या टायरांशी जोडलेल्या अपघातांत अडीचशेहून जास्त माणसं मेली. फायरस्टोन म्हणे, फोर्डने हवा कमी सांगितली होती, २६ पीएसआय, ३० पाहिजे होती, आणि गाडीच उलटण्यासारखी आहे. फोर्ड म्हणे, तुमचा टायरच खराब. मे २००१ मध्ये फायरस्टोनने फोर्डला टायर देणं बंद केलं. १९०६ ची मैत्री, ती सोयरीक, सगळं संपलं. गाडीत टायरची हवा दाखवणारा तो पिवळा दिवा अमेरिकेत सक्तीचा झाला तो याच प्रकरणातून.

आणि एक बारीक गोष्ट तुमच्या गाडीच्या कागदपत्रांत बघा. अमेरिकेत टायरची वॉरंटी गाडी कंपनी सहसा देत नाही, टायर कंपनीचं वेगळं पुस्तक असतं. टायर निवडताना गाडी कंपनी, निस्तरताना दुसरंच कोणीतरी.

परत सुबारूकडे. २००३ मध्ये कंपनीने डब्ल्यूआरएक्सची मोठी बहीण एसटीआय अमेरिकेत आणली, ३०० एचपी. तिचा टायर ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-०७०, माप २२५/४५ आर१७, आणि तो होता उन्हाळी. म्हणजे तीच गाडी कंपनी, तीच टायर कंपनी, वर्ष-दोन वर्षांचा फरक, आणि उत्तर पूर्ण वेगळं. टायर बनवता येत नव्हता असं काहीच नव्हतं. पहिल्या गाडीच्या वेळी तो मागितलाच नव्हता.

साध्या डब्ल्यूआरएक्सवाल्यांनी काय केलं? बऱ्याच जणांनी तेच माप उचललं. यात एक सुंदर गणित आहे, कागद घेऊन करून बघा. २०५/५५ आर१६ म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंच. पूर्ण व्यास येतो ६३२ मिलिमीटर. आता २२५/४५ आर१७ करा. येतो ६३४. रिम एक इंच मोठी, टायर २० मिलिमीटर रुंद, बाजू बुटकी आणि ताठ, आणि तरी व्यासात फक्त दोन मिलिमीटरचा फरक. स्पीडोमीटरला पत्ता लागत नाही, एबीएसला लागत नाही. याला तिकडे प्लस-वन म्हणतात.

पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर रिम हा शोभेचा भाग जास्त. त्याच १६ इंची रिमवर नुसतं रबर बदललं तरी बहुतेक फरक मिळतो, आणि खड्ड्यात रिम वाकत नाही. लोक आधी एक्झॉस्ट बदलतात, मग ईसीयू रिमॅप करतात, मग ब्रेक कॅलिपरला लाल रंग देतात. रस्त्याला टेकतात फक्त तळहाताएवढे चार तुकडे. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो टायर.

सुबारूसारख्या चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीत आणखी एक अट असते. चारही टायरच्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक नको, नाहीतर मधल्या डिफरन्शियलवर ताण येतो. त्यामुळे दोन आत्ता, दोन पुढच्या पगाराला, असं चालत नाही. चार म्हणजे चार.

आता न्यू जर्सीवाल्यांनी नीट ऐका. उन्हाळी टायर ही पदोन्नती नाही, अदलाबदल आहे. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली त्याचं रबर ताठ व्हायला लागतं आणि तिथून पुढे तुमचा शिव्या खाल्लेला ऑल-सीझन त्याला हरवतो. बर्फावर तर विषयच नको. कडाक्याच्या थंडीत काही उन्हाळी टायरांना नुसती गाडी हलवली तरी तडे जाऊ शकतात, कंपन्या स्वतः तसा इशारा देतात. म्हणून तिकडचे शहाणे लोक दोन सेट ठेवतात, दोन्ही आपापल्या रिमवर. एक गॅरेजमध्ये. १९७७ मध्ये टिएम्पोने ज्यातून सोडवलं होतं, तिथेच परत.

दोन सेट ठेवायला जागा नसेल, अपार्टमेंटमध्ये राहत असाल, तर मधला प्रकार आहे: हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन. कॉन्टिनेन्टलच्या डीडब्ल्यूएसमध्ये खाचांत डी, डब्ल्यू, एस ही तीन अक्षरं कोरलेली असतात. कोरडं, ओलं, बर्फ. टायर झिजत जातो तसा आधी एस पुसला जातो, मग डब्ल्यू. मला हे फार आवडतं. टायर स्वतःच सांगतो की आता माझ्याकडून कशाची अपेक्षा ठेवू नकोस.

बे एरियावाल्यांचं गणित वेगळं. सॅन होजेमध्ये वर्षभर उन्हाळी टायर मजेत चालतील. पण लेक टाहोला स्कीइंगला निघालात आणि रस्त्यात साखळ्यांची सक्ती लागली, तर ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला साखळ्या न चढवता जायची सवलत मिळते ती चारही टायरवर एम प्लस एस असेल तरच, आणि साखळ्या तेव्हाही डिकीत ठेवाव्याच लागतात. उन्हाळी टायर घातले की ती अक्षरं गेली, सवलत गेली, आणि तुम्ही अंधारात, बर्फात, रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून साखळ्या चढवताय.

आणि पुण्यात ऐकणाऱ्यांनी विचारायच्या आधीच सांगतो. आपल्याकडे सात अंशांचा प्रश्न जवळजवळ नाही. त्यामुळे एम प्लस एस बघून जास्त पैसे देऊ नका. आपल्या गाडीबरोबर येणाऱ्या टायरच्या कागदावर मायलेज आणि किंमत या दोन ओळी ठळक असतात, बर्फाची ओळ नसते. आपली परीक्षा जुलैमध्ये, एक्सप्रेसवेवर लोणावळ्याच्या उतारावर, तुंबलेल्या पाण्यात. तिथे ओल्या रस्त्याची पकड आणि खाचांची खोली बघायची. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण पाऊस सुरू होताना तेवढीच उरली असेल तर माझ्या हिशोबात तो टायर गोटाच.

टाहोला नेमके कोणते टायर घेऊन जायचे ते मला गाडीचं मॉडेल कळवलंत तर पुढच्या वेळी सांगतो. मॉडेलबरोबर सध्याच्या टायरच्या बाजूवर छापलेलं सगळं लिहून पाठवा, नुसतं कंपनीचं नाव नको.